सत्तेचाळीस नंबरचा चहा

रावेत,
गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८१

प्रिय कस्तुरा,

तुझा पत्ता मला भिवाकाकांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच मागून घेतला. गेल्या गुरुवारी सुट्टी होती म्हणून देहूरोडला तुमच्या घरी गेले होते. हो, मीच. तू दर वर्षी चौदा एप्रिलला बोलवायचीस आणि मी दर वर्षी काहीतरी कारण काढायची. कधी सासूबाईंचा गुडघा, कधी कांद्याची काढणी. या खेपेला कुणी बोलावलं नव्हतं, तर गेले. काका दारात खाट टाकून बसले होते. डेपोतून रिटायर झाल्यापासून वाळलेत थोडे, पण मला लांबूनच ओळखलं. "या शालनताई, या," म्हणाले आणि आत गिरजाकाकूंना चहा टाकायला सांगितला. त्या चहाचं पुढे सांगते. आधी दुसरं बरंच आहे.

मधेच उठून आले. आज मला एका जागी बसवत नाहीये. सकाळपासून दोनदा नदीवर जाऊन आले. धुणं काही नव्हतं, नुसतीच पवनेच्या कडेला उभी राहिले आणि परत आले. सासूबाई विचारतात, पायाला भिंगरी लागली का गं तुझ्या. मुलं शाळेत आहेत, हे शिफ्टला गेलेत. घर शांत आहे तेवढ्यात हे लिहून झालं पाहिजे.

कंपनीतल्या आपल्या त्या चहा चाखायच्या खोलीला आता निळा रंग दिलाय. खिडकी मात्र तीच, पिंपरीकडे तोंड असलेली. औषधाच्या कारखान्याकडून वारा आला की अजूनही तो आंबूस वास आत शिरतो आणि खिडकी लावून घ्यावी लागते. ज्योतीराममामा दोन वर्षांपूर्वी मुख्य टेस्टर म्हणून रिटायर होऊन वाईला मुलाकडे गेले. जाताना त्यांनी त्यांचा तराजू मला दिला. तुला आठवतं, आपण दोघी पॅकिंगला होतो तेव्हा एका दुपारी त्यांनी सगळ्या बायकांना रांगेत उभं करून आठ वाट्या पुढे मांडल्या होत्या? "यातल्या दोन वाट्या सारख्या आहेत, कुठल्या ते सांगा." बाया हसायला लागल्या. चहा तो चहा, त्यात सारखं काय नि वेगळं काय! बरोबर सांगितलं ते आपण दोघींनीच. आणि तू वर म्हणालीस की सहाव्या वाटीतली पत्ती कधीतरी साबणाच्या खोक्याशेजारी ठेवली होती. मामांनी गोदामात माणूस पाठवला. खरंच निघालं ते. दुसऱ्या दिवसापासून आपण चाखायच्या टेबलावर.

पहिले आठ दिवस मी लाजेने अर्धमेली झाले होते. चार पुरुषांसमोर मोठ्याने भुरके मारायचे आणि पिकदाणीत थुंकायचं! रावेतच्या सुनेने! मामा ओरडायचे, "भुरका मोठा मारा. चहा जिभेला नुसता कडू-गोड कळतो, बाकी सगळा नाकाला कळतो. लाज वाटत असेल तर पॅकिंगला जा." तू पहिल्याच दिवशी असा भुरका मारलास की बाहेर ट्रक भरणारे हमाल आत डोकावून गेले. मग मला हसू फुटलं आणि चहा नाकातून आला. तेव्हापासून माझी भीड मोडली.

चव सांगायला माझ्याकडे शब्द नसायचे. मी म्हणायची, बरा आहे, जरा उग्र आहे, फिका आहे. तू म्हणायचीस, हा पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा आहे. हा नव्या पाटीवर पाण्याचा हात फिरवल्यासारखा. मामा ते वहीत जसंच्या तसं लिहून घ्यायचे. सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध, तुळस, ओवा, किती काढे चाखले आपण! सुंठ जास्त झाली की दुपारी भाकरीलासुद्धा सुंठेची चव. गवती चहा आमच्याच बांधावरून यायचा. सासूबाई जुड्या बांधून पाठवायच्या आणि तू नुसत्या वासावरून सांगायचीस की ही जुडी आज कापलेली आहे, ही कालची. एकच वाट्यांची रांग, एका टोकाकडून तू निघायचीस, तुझ्यामागून मी. तुझा चमचा वाटीतून निघाला की माझा आत. पाच वर्षांत मला त्याचं कधी काही वाटलं नाही. हे मी खरं लिहितेय. टेबलावर असताना नाही वाटलं.

मग अठ्ठ्याहत्तर साली ती आखाताची ऑर्डर आली. हिरवी पत्ती, मसाला घातलेली, बिनदुधाची. आपल्यापैकी कुणी तसला चहा आयुष्यात प्यायला नव्हता. मामासुद्धा तोंड वाकडं करायचे. पाणी खळखळून उकळलं की पत्ती कडू व्हायची, कमी तापवलं की मसाला मुका राहायचा. सुंठ घातली की पत्ती मरायची, दालचिनी घातली की औषध व्हायचं. दहा नमुने झाले, वीस झाले, तीस झाले. तू बसमध्येसुद्धा डोळे मिटून तोंडातल्या तोंडात चव घोळवायचीस. चाळिसाव्या नमुन्याला तू म्हणालीस, "आता जवळ आलोय शालन, दार सापडलंय, कडी सापडत नाही."

आणि त्याच आठवड्यात कुणीतरी सुपरवायझर लक्ष्मणरावांच्या कानावर घातलं की तुला खोकला आहे.

पुन्हा उठून आले. पाणी प्यायले. आता पुढे लिहिते.

त्यानंतरचं तुला मी काय सांगणार, तूच भोगलंस. माल खाण्यापिण्याचा म्हणून तुला टेबलावरून उठवून पॅकिंगला बसवलं. तीन वेळा पुण्याला एक्स-रे काढायला पाठवलं. तिन्ही वेळा छाती स्वच्छ निघाली, पण तोवर गोजाबाईने आपला डबा तुझ्यापासून उचलून दुसऱ्या बाकावर नेला होता आणि तिच्यामागून बाकीच्यांनी. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी माझ्यासमोर पाच वर्षं बसते, मी तिला कधी खोकताना ऐकलं नाही." पण मामांचं कोण ऐकतंय? तुला सीलिंगच्या मशीनपाशी एकटीला बसवलं. तिथे तू मला म्हणालीस, "शालन, कुणीतरी माझ्या वाईटावर आहे गं." आणि मी म्हणाले, "असेल कुणीतरी."

तरीही एका दुपारी नळावर हात धुताना तू माझ्या हातात चुरगळलेला कागद दिलास. वेलदोड्याचे दाणे नकोत, नुसती सालं घाल. गवती चहाची पात नको, खालचा पांढरा बुडखा घे आणि तो सावलीत वाळव. बडीशेप कोरडी भाजून. सुंठ अजिबात नाही. घरी चुलीवर करून पाहिलं म्हणालीस. "मला टेबलावर बसू देईनात, पण चहा तरी होऊ दे." तो सत्तेचाळीस नंबरचा नमुना. मुंबईहून व्यापारी आला, त्याने एक भुरका मारला, वाटी खाली ठेवली, परत उचलली आणि सगळी प्यायला. थुंकलाच नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, हा कुणी बसवला? मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "टेबलावरच बसवला, साहेब." खोटं नव्हतं ना ते? असं मी स्वतःला किती वर्षं विचारत होते. पंधरा दिवसांनी तू राजीनामा दिलास. मामा गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर मी बसले.

आता यंदाची गोष्ट. श्रावणात मला ताप आला, चांगला आठ दिवस होता. उठले तेव्हा घरात कांदा चिरत होते आणि मला कळलंच नाही. डोळ्यांना पाणी येत होतं, वास नव्हता. मीठ कळतं, साखर कळते, तिखटाने जीभ भाजते, बस्स. वेलदोडा आणि भुसा मला सारखाच. चिंचवडचे डॉक्टर म्हणाले, तापात नाकाची शीर गेली असेल, परत येईल किंवा नाही येणार. सासूबाई म्हणतात नजर लागली. कुणाला वाटेल देवाने शिक्षा दिली. मला तसं वाटत नाही. त्या तापात गल्लीतली सहा माणसं पडली होती, त्यांनी काय केलं होतं? ताप आला, नाक गेलं, एवढंच.

पण मी ते कुणाला सांगितलं नाही. अडीच महिने मी त्या टेबलावर रोज भुरके मारले आणि रोज नाटक केलं. चहाचा रंग बघायची, पत्ती किती उमलली ते बघायची, आणि हाताखालच्या रुक्मिणीच्या भुवया बघायची. ती नवी आहे, म्हाळुंगेची, मोठी गुणी. तिला आवडलं की भुवया वर जातात. त्यावरून मी वहीत शेरे मारायची. घरी आले तरी स्वस्थता नाही. स्वयंपाकाला मसाला किती घातला ते तीनतीनदा बघायची आणि तरी भाजी करपल्याचं यांनीच सांगायचं.

नऊ तारखेला, सोमवारी, बडीशेपेचा नवा माल आला. त्याच्या काढ्याची वाटी मी चाखून पुढे सरकवली आणि "पास" लिहिलं. रुक्मिणी थांबली. दबकत म्हणाली, "ताई, कुबट लागतंय हो. पोतं भिजलेलं असणार." लक्ष्मणराव दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आणि कस्तुरा, माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. एवढं तयार, की मला ते शोधावंही लागलं नाही. मी म्हणणार होते, "तिला सर्दी झालीय लक्ष्मणराव, दोन दिवस झाले शिंकतेय, तिला टेबलावर बसवू नका."

रुक्मिणी एकदाही शिंकली नव्हती. ते वाक्य मी गिळलं. मग म्हणाले, "ती बरोबर सांगतेय, माल परत करा," आणि मोरीत जाऊन उभी राहिले. कारण ते वाक्य माझ्या तोंडाच्या ओळखीचं होतं.

तुला खोकला आहे हे लक्ष्मणरावांना मी सांगितलं होतं.

लिहिलं. आता सगळं लिहिते. त्या फाल्गुनात सासूबाई गवती चहाच्या जुड्या घेऊन स्वतः कंपनीत आल्या होत्या, आठवतं? तू त्यांना बसायला स्टूल दिलंस. त्यांनी आपल्याला चाखताना पाहिलं, तुझ्यामागून माझा चमचा. तिथे काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर अंगणातच मला थांबवलं. "भिवाची पोर ना ती, देहूरोडची? तिच्या उष्ट्या वाटीत तोंड घालतीस व्हय? त्या तोंडानं माझ्या देव्हाऱ्याफुडं बसायचं न्हाई." तुम्ही बौद्ध झालात त्याला बावीस वर्षं झाली होती, पण आमच्या उंबऱ्याला अजून जुनीच जात पाठ होती. चार दिवस माझं ताट वेगळं वाढलं. यांनीही मान खाली घातली. नोकरी सोड म्हणाल्या. मला नोकरी सोडायची नव्हती, कस्तुरा. घरात भांडायचीही छाती नव्हती. मला वाटलं, नुसत्या वाट्या वेगळ्या झाल्या तर दोन्हीकडचं भागेल. पण वाट्या वेगळ्या का हव्यात, हे खरं कारण मामांसमोर कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून लक्ष्मणरावांकडे गेले आणि म्हणाले, "कस्तुराला हल्ली खोकला येतो, आमचे चमचे वेगळे ठेवले तर बरं." त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?" अजूनही सावरता आलं असतं. दोन दिवस म्हटलं असतं तर पडसं ठरलं असतं. मी म्हणाले, "महिना तरी झाला असेल."

त्या "महिन्या"ने तुझ्या छातीत क्षय घातला. आणि मी गप्प राहिले. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा वाटलं, सुटलो, आता आपोआप निवळेल. काही निवळलं नाही.

एवढंच झालं असं मला वाटत होतं. गेल्या गुरुवारी तुमच्या घरी गेले ती काका-काकूंना हे सांगायलाच गेले होते. काकूंनी चहा आणला. मी प्यायले, गरम आणि गोड एवढंच कळलं. काकूंनी विचारलं, "आलं जास्त झालं का वो?" मी म्हणाले, छान झालाय. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, "कस्तुरा म्हणती, शालनइतकी जीभ कुणाची न्हाई." मग काका सहज बोलता बोलता बोलून गेले की तुला खडकीचं स्थळ आलं होतं, सुपारीसुद्धा ठरली होती, आणि कंपनीतली बातमी तिथवर पोचली म्हणून त्या लोकांनी मोडलं. वर्षभर तू घराबाहेर पडत नव्हतीस. हे मला माहीत नव्हतं गं. कुणी सांगितलंच नाही, आणि मी विचारलंही नाही. मग राजगुरुनगरच्या भीमराज गुरुजींचं स्थळ आलं. काका हसत सांगत होते की गुरुजींसमोर त्यांनी तिन्ही एक्स-रे ठेवले, तर गुरुजी म्हणाले, "हे पेटीत ठेवा, मला पोरीशी बोलायचंय." मुलगी झाली तुला, दीड वर्षाची आहे, बालवाडीत शिकवतेस, तिला बरोबर नेतेस, सगळं ऐकलं. सांगायला आले होते ते राहिलंच, मी नुसता तुझा पत्ता मागितला. काकांनी पत्ता लिहून दिला, बसपर्यंत सोडायला आले. "तिला लिवा तुमी. मैत्रीण म्हणून एकच नाव काढती ती," म्हणाले. मी मान हलवली.

काल बुधवारी मी मोठ्या साहेबांकडे गेले. आधी नाकाचं सांगितलं. ते म्हणाले, रुक्मिणी अजून कच्ची आहे, टेबल सांभाळेल असं कुणी आहे का? मी तुझं नाव घेतलं. ते लगेच म्हणाले, "ती? तिला छातीचं काहीतरी होतं ना?"

साडेतीन वर्षं झाली, कस्तुरा. जो तुझ्याशी चार शब्दही कधी बोलला नसेल त्या माणसाच्या डोक्यात तुझी एवढीच ओळख शिल्लक आहे, आणि ती मी दिलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाट्या, चमचे, सासूबाई, महिना, आणि सत्तेचाळीस नंबर कुणाचा तेही. त्यांनी लक्ष्मणरावांना बोलावून घेतलं आणि माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. लक्ष्मणराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीपण एका शब्दानं तिला विचारलं नाही, साहेब." साहेबांनी मला ते कागदावर लिहून सही करायला सांगितलं. मी केली. म्हणाले, हे पॅकिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचलं गेलं पाहिजे, लक्ष्मणराव वाचतील. मी म्हणाले, मी वाचते. टेबलावरून मी उठले आहे. सोमवारपासून पॅकिंगला बसेन, ठेवलं तर.

घरी येऊन सासूबाईंनाही सांगितलं. म्हणाल्या, "आता कशापायी उकरून काढतीस? झालं गेलं गंगेला मिळालं." मी म्हणाले, गंगेला नाही मिळालं आई, कस्तुराच्या घरी गेलं. त्या काल रात्री जेवल्या नाहीत. आज सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत, भिंगरीचं तेवढं विचारलं. या खेपेला हे त्यांना म्हणाले, "शालनचं बरोबर आहे." एवढंच म्हणाले आणि शिफ्टला गेले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. माफी मागायला नाही. ती मागायची तर तुझ्यासमोर येऊन मागावी लागेल, आणि तू दार उघडशील की नाही ते तू ठरव. साहेब म्हणालेत, येत्या आठ-दहा दिवसांत तुला कंपनीचं पत्र येईल, मुख्य टेस्टरच्या जागेचं. त्यात तुझ्या कामाची तारीफ असेल, झालेल्या गैरसमजाबद्दल खेद वगैरे असेल. गैरसमज नव्हता तो, हे तुला ते पत्र फोडण्याआधी कळायला हवं, म्हणून लिहिलं. त्या जागेला माझा उपकार समजू नकोस, माझ्यावरच्या रागाने ती नाकारूही नकोस. आणि नाकारायचीच असेल तर सगळं खरं माहीत असून नाकार. शनिवारी अठ्ठावीस तारखेला, जेवणाच्या सुट्टीनंतर मी तो कागद सगळ्यांसमोर वाचणार आहे. तू तिथे असावंस असं वाटतं आणि नसावंस असंही वाटतं, कालपासून या दोन्हींमध्येच मी येरझारा घालतेय. राजगुरुनगरहून सकाळच्या गाडीने निघालीस तर चाकणवरून दुपारच्या आत पोचशील. आलीस तर गेटवर माझी ओळख सांगू नकोस. तुझं नाव सांग. वॉचमनला ते मी लिहून दिलं आहे, टेस्टर कस्तुरा भिवा जगताप, असं.

टेबलापलीकडे बसणारी तुझी,
शालन